रक्ताच्या उलटीवर ‘ग्लू’ आला कुठून?

रक्ताची उलटी झालेल्या पेशंटच्या नातेवाइकांना डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘दुर्बिणीतून ग्लू टाकलाय.’ ऐकणाऱ्याला वाटतं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. पण तो खरोखर ग्लूच असतो: सायनोअ‍ॅक्रिलेट, फेविक्विकचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ.

1942 साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅकचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. तेव्हा हाती आलेला हा सायनोअ‍ॅक्रिलेट जिथे लागेल तिथे चिकटत सुटला, म्हणून बाजूला पडला. 1951 मध्ये तो पुन्हा समोर आला, तेव्हा कुठे त्या चिकटपणाची किंमत कळली. 1958 मध्ये तो बाजारात आला आणि पुढे व्हिएतनाम युद्धात जखमांवर फवारून रक्त थांबवायलाही वापरला गेला. ओलावा लागताच तो घट्ट होतो. रक्तात ओलाव्याला काय तोटा!

सिरॉसिसने यकृत कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त तुंबतं, आडवाटा शोधतं, आणि अन्ननलिकेतल्या नि जठरातल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते. अन्ननलिकेतल्या शिरांमध्ये त्या बंद पाडणारं औषध टोचण्याचा प्रयोग स्वीडनमध्ये 1939 मध्येच झाला होता. 1980च्या दशकात, मूळव्याधीच्या उपचारावरून सुचलेले, शिरा आवळणारे रबर बँडही आले. जठराच्या वरच्या घुमटातल्या शिरा मात्र दाद देईनात. त्या जाड, प्रवाह जोरदार. टोचलेलं औषध काम करायच्या आतच वाहून जाई. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे डॉक्टर निब सोहेंद्रा यांनी 1986 मध्ये ग्लू टोचण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, तो या अडचणीवरचा तोडगा होता.

कुठल्या शिरेला काय करायचं, हे ठरवायला आज जगभर वापरतात ती वर्गवारी दिल्लीची आहे. शिव कुमार सरीन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये 568 रुग्णांवरून ती मांडली. जठरातल्या शिरा अन्ननलिकेतल्यांपेक्षा कमी वेळा फुटतात, पण फुटल्या की रक्त जास्त जातं, हेही त्यात दिसलं.

प्रत्यक्ष काम घाईचं. नुसता ग्लू सुईतच गोठेल म्हणून बरेच डॉक्टर त्यात लिपिओडॉल मिसळतात. हे खसखशीच्या तेलापासून केलेलं आयोडीनयुक्त द्रव्य, त्यामुळे ग्लू कुठवर पोचला ते एक्स-रेत दिसतं. टोचून झालं की सुई पटकन मागे घ्यायची, नाहीतर तीच शिरेत चिकटते. दुर्बिणीची महागडी काचही जपावी लागते. खरी भीती वेगळीच: या शिरांना कधीकधी मूत्रपिंडाच्या शिरेकडे जाणारी चोरवाट असते आणि तिथून ग्लूचा कण थेट फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून आता काही ठिकाणी सोनोग्राफी बसवलेल्या दुर्बिणीने शिरेत आधी धातूची बारीक कॉइल सोडतात आणि तिच्या जाळ्यात ग्लू अडकवतात. शिरेत घट्ट झालेला गोळा पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जठरात गळून पडतो.