वाघाला लष्करी जॅकेट शिवताना

दोन पायांवर उभा, गळ्यात दुर्बीण अडकवलेला वाघ काढायचा आहे. अंगात जंगलात वावरणाऱ्या सैनिकाचं जॅकेट. बहुतेक जण काय करतात? हिरव्या-तपकिरी डागांची तयार प्रतिमा शोधतात, जॅकेटच्या लेयरवर पसरवतात आणि पुढच्या कामाला लागतात. मग चित्र जरा लांबून पाहिलं की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. बाहीवर डाग, मनगटापुढे पट्टे, गळ्याशी दोन्हींची खिचडी. वाघ धड लपतही नाही आणि धड दिसतही नाही.

कारण साधं आहे. वाघ मुळात कॅमोफ्लाज, म्हणजे परिसरात मिसळून जाणारी रंगनक्षी, अंगावर घेऊनच जन्मलेला असतो. त्यावर आपण दुसरा चढवतो, आणि दोघांची एकमेकांशी ओळखही करून देत नाही.

कॅमोफ्लाजला मराठीत मायावरण असा सुंदर शब्द आहे. या मायेचा पहिला मोठा नियम मांडला तो एका चित्रकाराने. अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेअर यांनी १८९६ साली दाखवून दिलं की कितीतरी प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असण्यामागे प्रकाशाचं गणित आहे. ऊन वरून येतं, पाठ उजळते, पोट सावलीत जातं. चित्रकार कागदावर गोलाई आणतो ती याच उजेड-सावलीने. प्राण्याच्या अंगावरचा रंग नेमका याच्या उलट असल्याने दोन्ही एकमेकांना खोडतात आणि भरीव शरीर सपाट भासतं. (थेअर पुढे फार वाहवत गेले. फ्लेमिंगोचा गुलाबी रंग सूर्यास्ताच्या आकाशात मिसळण्यासाठी आहे, असंही त्यांनी ठासून मांडलं. मूळ नियम मात्र टिकला.)

आता हा नियम आपल्या वाघाला लावून बघा. चार पायांवर चालताना त्याचं पांढरं पोट जमिनीकडे असतं. आपण त्याला दोन पायांवर उभं केलं की तेच पांढरं पोट आणि छाती थेट समोर येते, जणू पांढरं निशाण फडकावल्यासारखी. निसर्गाने केलेला हिशेब ९० अंशांत फिरतो आणि कोसळतो. म्हणून माणसासारखा उभा राहणारा प्राणी काढताना कपड्याचं पहिलं काम असतं ही फिकट बाजू झाकण्याचं. उजेड-सावलीचा हिशेबही नव्याने मांडावा लागतो: खांदे आणि कानांमागचा भाग गडद, हनुवटीखाली, काखेत, बाहीच्या आतल्या बाजूला रंग किंचित फिकट.

किंचितच. कारण थ्रीडी मॉडेलच्या टेक्स्चरमध्ये, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रात, ही उलटी छटा जास्त रंगवली, तर रेंडरमधला (संगणकाने काढलेल्या अंतिम चित्रातला) दिवा आणि आपला रंग एकमेकांना खातात, आणि मेहनतीने घडवलेलं शरीर पुठ्ठ्यातून कापल्यासारखं दिसू लागतं. अशा वेळी प्रकाशयोजना चुकली म्हणून दिवे हलवत बसणारे पुष्कळ असतात. दिवे ठीकच असतात. थेअरचा नियम तेवढा चोख काम करत असतो.

दुसरा नियम कडांचा. नजर एखादी वस्तू ओळखते ती आधी तिच्या बाह्यरेषेवरून. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी १९४० साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. काही बेडूक पाय दुमडून बसले की मांडी, पोटरी आणि पावलावरचे वेगवेगळे पट्टे जुळून एकच सलग पट्टा तयार होतो, आणि पाय पायासारखा दिसेनासा होतो, हे त्यांनी त्यात दाखवलं. २००५ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी कागदाचे त्रिकोणी पतंग (कीटक) करून, त्यांना आमिष म्हणून अळ्या जोडून झाडांच्या खोडांवर लावले. ज्यांचे डाग कडेपर्यंत जाऊन तिथेच तुटलेले होते, ते पक्ष्यांच्या तावडीतून अधिक वाचले. तेच डाग कडेपासून आत सरकवले की फायदा घटला.

बेडकाची ती युक्ती जॅकेटला जशीच्या तशी लागू पडते. मनगटाजवळ वाघाचा काळा पट्टा जिथे संपतो, तिथूनच बाहीवरचा गडद डाग सुरू करा. कापड आणि केस यांच्यामधली सीमा आपोआप विरते आणि खिचडी नाहीशी होते.

पण इथेच खरी मेख आहे. सैनिकाला दिसायचं नसतं. पात्राला दिसायचंच असतं. माझ्या मते मार्ग असा: डागांमधला फरक रंगात ठेवावा, उजळ-गडदपणात कमी. ऑलिव्ह, माती आणि गवताचा रंग एकमेकांच्या जवळपास तितकेच गडद असले, की डोळे बारीक करून पाहिल्यावर सगळं जॅकेट एक आकार म्हणून उभं राहतं, आणि डोळे उघडले की कॅमोफ्लाज दिसतो. चित्र काळं-पांढरं करून पाहिलं की हे लगेच तपासता येतं. चेहऱ्यालगतच्या कॉलरवर तर डाग नसलेलेच बरे.

मापाचा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. माणसाच्या कपड्यावरचे डाग पानं, फांद्या, झुडपं यांच्या मापाचे असतात. पात्र उंदीर असेल तर त्याच्यासाठी गवताचं पातं म्हणजेच झाड. माणसाचा डाग त्याच्या जॅकेटवर टाकला तर एकाच डागात उंदीर संपेल, आणि डाग सरसकट लहान केले तर लांबून सगळा एकच मळकट रंग. डोळ्याची क्षमता संपली की बारीक नक्षी मिसळून जाते. थ्रीडी ग्राफिक्समध्येही तेच होतं: लॅन्स विल्यम्स यांनी १९८३ साली मांडलेल्या मिपमॅप पद्धतीत दूरच्या वस्तूला टेक्स्चरची लहान, सरासरी काढलेली प्रत लावली जाते. उपाय लष्कराने शोधलेलाच आहे. कॅनडाने १९९० च्या दशकात विकसित केलेल्या कॅडपॅट नक्षीतले बारीक चौकोन सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण जादू चौकोनांत नाही. जवळून बारीक ठिपके आणि लांबून त्यांचेच मोठे डाग, अशी दोन मापं एकाच कापडात असतात, त्यात ती आहे.

असे डाग हाताने रंगवायलाच हवेत असं नाही. केन पर्लिन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या नॉइज पद्धतीने (संगणक ढगांसारखी अनियमित उजळ-गडद छटा तयार करतो) दोन-तीन थर वेगवेगळ्या मापांत एकावर एक ठेवायचे, ठरावीक उंबरठ्यावर कापायचे (त्याहून गडद ते एका रंगात, फिकट ते दुसऱ्या), की डाग तयार. प्राण्याच्या केसांवरच्या नक्षीसाठी मात्र वेगळी वाट बरी. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५२ साली गणिताने दाखवलं की आपसात अभिक्रिया करत पसरणाऱ्या दोन रसायनांतून ठिपके आणि पट्टे आपोआप उमटू शकतात. त्याच धाग्याने गणितज्ञ जेम्स मरे यांनी एक मजेदार निष्कर्ष काढला: ठिपकेदार प्राण्याची शेपटी पट्टेदार असू शकते, उलटं मात्र होत नाही. निमुळत्या शेपटीवर ठिपक्यांना जागाच उरत नाही, त्यांची कडी होतात. चित्त्याच्या शेपटीचं टोक आठवा. तेव्हा बिबट्याच्या पँटमधून बाहेर येणाऱ्या शेपटीवर टोकापर्यंत गोल ठिपके काढण्याआधी थांबा.

आणि रंग? तो बघणाऱ्यावर ठरतो. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, हरणाच्या डोळ्यांत दोनच. त्याला नारिंगी आणि हिरवा जवळपास सारखेच दिसतात, म्हणून तर इतका भडक वाघ गवतात खपून जातो. शत्रू हरणांचं सैन्य असेल, तर आपल्या वाघाला खुशाल नारिंगी जॅकेट शिवा, पट्टे तेवढे राहू द्या. फक्त त्या सैन्यात पोपट टेहळणीला आहे का, हे आधी पाहून घ्या. त्याच्याकडे शंकुपेशी चार प्रकारच्या असतात.