खेळांची पेटी घरी नेल्यावर
(पहिली ते पाचवीच्या मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक)

पालकहो,

पेटी उघडली की चिंचोके, अंकपत्ते, लाकडी काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, हळदीचे कागद आणि एक बिनखुणांची पट्टी दिसेल. उत्तरांची पुस्तिका आम्ही मुद्दामच ठेवलेली नाही. गणिताची धास्ती घेतलेलं मूल उत्तर लिहितं आणि लगेच मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघतं. म्हणून उत्तर बरोबर आलं की नाही हे ज्याचं त्याला तपासता येईल, असेच खेळ आम्ही निवडले आहेत. गणिताचा प्रश्न रंगीत चित्रात बसवला आणि बरोबर उत्तराला चांदणी दिली, तर त्याला आम्ही खेळ म्हणत नाही. ती चाचणीच असते.

पहिली-दुसरीसाठी

दहा चिंचोके मोजून घ्या. काही मुठीत लपवा, बाकीचे जमिनीवर ठेवा आणि मुठीत किती आहेत ते विचारा. मूल आकडा सांगेल, मग मूठ उघडा. 'बरोबर' किंवा 'चूक' असं काही म्हणू नका, मुलालाच मोजू द्या. मग पाळी बदला: मुलाने लपवायचं, तुम्ही ओळखायचं. दहाच्या जोड्या अशा हाताखालून गेल्या की हातच्याची बेरीज पुढे अवघड जात नाही. जमू लागलं की वीस चिंचोके घ्या, त्याआधी नको.

तेच चिंचोके तिसरीत पुन्हा लागतात. बारा चिंचोक्यांचे सारख्या रांगांचे आयत किती प्रकारे होतात? तेरांचे का होत नाहीत, नुसती एक लांब रांगच का उरते? मूळसंख्या हा शब्द शाळेत येण्याआधी ती गोष्ट हाताला कळलेली बरी.

देवळालीचा आकडा : 6174

पेटीतला हा आमचा सर्वांत लाडका खेळ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1930 ते 1962 या काळात नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. 1949 साली त्यांना 6174 या संख्येची गंमत सापडली आणि आज ती जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. नाशिकच्या प्रत्येक मुलाने ती एकदा तरी स्वतः करून पाहावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहान. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. समजा मुलाचा जन्म 2016 चा आहे:

6210 − 0126 = 6084
8640 − 0468 = 8172
8721 − 1278 = 7443
7443 − 3447 = 3996
9963 − 3699 = 6264
6642 − 2466 = 4176
7641 − 1467 = 6174

त्यापुढे कितीही वेळा केलं तरी 6174च येतं. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. वहीभर हातच्याच्या वजाबाक्या होतात आणि मूल थांबायला तयार नसतं. रस्त्यावर एमएच 15 च्या, म्हणजे नाशिकच्या, गाड्यांचे नंबर तर फुकटच मिळतात.

इथे एक बारकावा सांगायला हवा. मधल्या पायरीत वजाबाकी चुकली तरी पुढे कधीतरी 6174 येतंच, कारण चुकीची संख्याही शेवटी तिथेच पोचते. म्हणून प्रत्येक उत्तराचे अंक मिळवून पाहायला सांगा. बेरीज 18 किंवा 27 आली पाहिजे. वरच्या सगळ्या ओळींत तसंच आहे. मुलं बहुतेक वेळा हातचा विसरतात, आणि ती चूक या बेरजेत लगेच सापडते. उत्तर तीन अंकी आलं, जसं 999, तर पुढे शून्य लावून 0999 धरायचं.

चार अंक जड वाटत असतील तर तीन अंकांनी सुरुवात करा. तिथे शेवट 495 वर होतो, आणि प्रत्येक उत्तराच्या मधोमध एकच ठरावीक अंक येत राहतो. कोणता, ते मुलाला शोधू द्या.

विज्ञानाचे खेळ

यांचा नियम एकच: करण्याआधी अंदाज कागदावर लिहायचा. तोंडी सांगितलेला अंदाज प्रयोगानंतर हळूच बदलतो.

फसफसत्या सोडावॉटरच्या पेल्यात चार मनुका टाका, सोबत एक ताजं द्राक्ष. वर कोण येईल? मनुकेच्या सुरकुत्यांत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे अडकतात, ते तिला वर उचलतात, वर आल्यावर फुटतात आणि ती पुन्हा बुडते. द्राक्षाचं काय होतं ते आम्ही इथे लिहीत नाही.

काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबची जोडणी मुलांपर्यंत नेण्याचं मोठं काम विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी केलं. आम्ही तीच वापरतो. चौकोन करून कोपरा दाबला की तो वाकडा होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. मग चौकोनाला न वाकू देण्यासाठी कमीत कमी किती काड्या लागतील? हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो, लिंबाच्या रसात पुन्हा पिवळा. घरातल्या बाकीच्या वस्तू मुलाने तपासाव्यात.

बिनखुणांची पट्टी पावसाळ्यासाठी आहे. गोदावरीला पूर आला की पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत आलं की छातीपर्यंत, यावरून नाशिककर पूर जोखतात. मोजायचं तर आधी खूण ठरवावी लागते, हे नाशिकच्या मुलाला वेगळं शिकवायला नको. पट्टीवर मुलाने स्वतः मिलिमीटरच्या खुणा करायच्या. दोन सपाट तळाचे आणि सरळ भिंतींचे डबे, एक रुंद आणि एक अरुंद, गच्चीवर शेजारी उघडे ठेवायचे. पाणी कशात जास्त उंच चढेल? मुलं जवळजवळ नेहमी रुंद डब्याचं नाव घेतात. पाऊस थांबल्यावर पट्टी बुडवली की दोन्हीकडे उंची सारखीच निघते. कारण लगेच सांगू नका. एक-दोन दिवस तो प्रश्न घरात राहू द्या.

हीच पट्टी उन्हाळ्याच्या सुट्टीत सरळ उभी रोवा. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे 20 मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पट्टीची सावली नाहीशी होते.

काही सूचना

एका वेळी एकच खेळ, वीस मिनिटं पुरे. घड्याळ लावून शर्यत घेऊ नका, घाईत मूल विचार सोडून अंदाज ठोकतं. भावंडांची तुलना करू नका. आणि या पेटीने पाढ्यांची सुट्टी होत नाही. पाढे पाठ हवेतच. त्यांचा उपयोग कुठे होतो ते इथे दिसेल, एवढंच आमचं म्हणणं आहे.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके आणि ट्यूबचे तुकडे वर ठेवा, ते नाकातोंडात जाऊ शकतात. काड्या मोडल्या, अंकपत्ते हरवले तर पेटीचं झाकण घेऊन दुकानात या, तेवढेच सुटे मिळतील. चिंचोक्यांसाठी मात्र येऊ नका, ते घरच्या चिंचेत मिळतात.