राखेला विचारा, किती जळालं

गॅस किती उरलाय हे आपण सिलिंडर जरा उचलून, हलवून ओळखतो. अणुइंधनाला ही युक्ती चालत नाही. एक टन इंधनातले सुमारे ४० किलो अणू फुटले, म्हणजे ४०,००० मेगावॅट-दिवस उष्णता मिळाली, तरी वजनात घट जेमतेम ३८ ग्रॅमची! फुटलेल्या अणूंचे तुकडे इंधनाच्या त्याच गोळ्यांत अडकून राहतात. तेव्हा किती जळालं (याला बर्नअप म्हणतात) ते या राखेलाच विचारायचं.

सीझियम-१३७ ही सर्वांत सोयीची राख. अर्धायुष्य ३० वर्षं, आणि ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा ठसठशीत गॅमा किरण. (तो खरं तर तिच्यापासून झालेल्या बेरियमचा.) जाड शिशाच्या भिंतीत चिंचोळी फट ठेवायची, पलीकडे गॅमा किरण मोजणारा, द्रव नायट्रोजनने गार केलेला जर्मेनियमचा स्फटिक, आणि फटीसमोरून इंधनकांडी (गोळ्या भरलेली नळी) हळूहळू सरकवायची.

गंमत मॉक्स नावाच्या इंधनात आहे. यात युरेनियमसोबत प्लुटोनियमचं ऑक्साइड असतं. तारापूरच्या जुन्या अणुभट्ट्यांत असं इंधन नव्वदच्या दशकात वापरून पाहिलं गेलं. युरेनियम-२३५ चे १०० अणू फुटोत की प्लुटोनियम-२३९ चे, सीझियम-१३७ चे सहा-साडेसहा अणू मिळणारच. रुथेनियम-१०६ मात्र युरेनियमकडून अर्ध्या अणूहूनही कमी, प्लुटोनियमकडून चारहून जास्त! म्हणजे सीझियम एकूण किती जळालं ते सांगतं आणि रुथेनियम कोण जळालं त्याची चहाडी करतं.

सीझियम-१३४ तर आणखी मजेदार. ते विखंडनातून (अणू फुटण्यातून) थेट जवळजवळ मिळतच नाही. आधी सीझियम-१३३ तयार व्हावं लागतं, मग त्याने आणखी एक न्यूट्रॉन गिळावा लागतो. म्हणून ते साधारण बर्नअपच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि १३४ भागिले १३७ हे गुणोत्तर थेट बर्नअपच्या प्रमाणात. भागाकारात फटीची रुंदी, कांडीचं अंतर सगळं कटतं. ऊर्जेनुसार शोषण बदलतं, ती दुरुस्ती तेवढी उरते; तीही १३४ च्याच ६०५ आणि ७९६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणांवरून काढता येते. फक्त त्याचं अर्धायुष्य दोन वर्षांचं, त्यामुळे इंधन भट्टीतून कधी काढलं ती तारीख हवीच.

द्रुत (वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या) अणुभट्टीत मात्र हे लाडकं सीझियम दगा देतं. गोळीचा गाभा २००० अंशांपलीकडे तापला की ते वाफ होऊन थंड टोकांकडे सरकतं. तिथे एका जागचं मोजमाप पुरत नाही, अख्खी कांडी तपासावी लागते.