संगणकीय केसपेपर

रुग्णाची तक्रार, पूर्वेतिहास, तपासणीत आढळलेल्या गोष्टी, निदान, दिलेली औषधे आणि पुढच्या भेटीची सूचना हे सारे कागदाऐवजी दवाखाना व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीत, ठरलेल्या रकान्यांत आणि नोंद करणाऱ्याच्या नावानिशी व वेळेनिशी लिहिण्याच्या पद्धतीस संगणकीय केसपेपर किंवा संगणकीय रुग्णनोंद म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ही पद्धत दवाखान्यातील माणसे कशी शिकतात आणि शिकताना कुठे अडतात, याचा विचार सांगली-मिरज परिसराच्या संदर्भात केला आहे.

या परिसरात वैद्यकीय व्यवसायाची घनता मोठी आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि या दोहोंच्या आधाराने शहरात खाजगी रुग्णालये व एकट्या डॉक्टरांचे दवाखाने वाढत गेले. जत, आटपाडी, तासगाव येथून जसे रुग्ण येतात तसेच अथणी, जमखंडी, विजापूर या कर्नाटकातील भागांतूनही येतात. त्यामुळे एकाच सकाळी मराठी, कानडी आणि दख्खनी हिंदी बोलणाऱ्या रुग्णांचे केसपेपर एकाच टेबलावर निघतात. संगणकीय नोंदीचे प्रशिक्षण देणाऱ्यांनी हे वास्तव गृहीत धरलेले नसते, कारण प्रणालीचे पडदे बहुधा इंग्रजीत असतात.

कागदी केसपेपर हा मुख्यतः डॉक्टरच्या स्मरणाला दिलेला टेकू होता. जाड कार्डावर तारीख, दोन शब्दांची तक्रार, रक्तदाबाचा आकडा, औषधाचे नाव आणि पुढे ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) एवढे लिहिले की काम भागे. उरलेले डॉक्टरच्या आणि वीस वर्षे तेथेच असलेल्या कंपाउंडरच्या डोक्यात असे. संगणक अशी गाळलेली जागा गाळलेली म्हणूनच दाखवतो. म्हणून ही विद्या शिकणे म्हणजे कोणते बटण कुठे आहे हे पाठ करणे, हा समज अपुरा आहे. बटणे चार-सहा दिवसांत हाताला बसतात. कोणती गोष्ट, कोणी, कोणत्या क्षणी आणि कोणत्या रकान्यात लिहायची, हे ठरवायला मात्र महिने लागतात, आणि ते ठरवणे हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याचे नव्हे, दवाखान्याचे काम आहे.

नोंदणी. सर्वात साधे समजले जाणारे आणि सर्वाधिक चुका होणारे काम स्वागतकक्षातील आहे. नवा केसपेपर काढण्यापूर्वी जुना आहे का हे शोधणे हा पहिला धडा असला, तरी रांग दारापर्यंत गेली की तोच आधी विसरला जातो. या भागात एकेका गावात पाटील आडनावाची अनेक घरे असतात आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे पूर्ण नाव सारखे असलेले दोन रुग्ण सापडणे नवलाचे नाही. एकाच आडनावाचे ‘पवार’ आणि ‘पोवार’ असे दोन उच्चार चालतात. रोमन लिपीत लिहिताना त्यांची आणखी रूपे होतात. विवाहित स्त्रीची जुनी कागदपत्रे माहेरच्या नावाने आणि नवी सासरच्या नावाने असतात. वय ‘साठ-पासष्ट असेल’ असे सांगितले जाते, आणि मोबाइल क्रमांक बहुधा मुलाचा किंवा सुनेचा असल्याने एका क्रमांकाखाली घरातील पाच जणांचे केसपेपर निघतात. म्हणून शोध केवळ नावाने न घेता नाव, गाव, जन्मवर्ष आणि मोबाइल यांपैकी किमान दोन गोष्टी जुळवून घ्यावा, असे शिकवले जाते. एकाच व्यक्तीचे दोन केसपेपर झाले, तर पेनिसिलिनची ॲलर्जी एकात आणि आजची औषधे दुसऱ्यात अशी फाटाफूट होते आणि प्रणालीची धोक्याची सूचना उमटतच नाही. असे दुहेरी केसपेपर एकत्र जोडण्याचा अधिकार एखाद-दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडेच ठेवणे योग्य, कारण चुकीने जोडलेले दोन वेगळे रुग्ण पुन्हा सोडवणे हे अतिशय किचकट काम आहे.

केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू केलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक, म्हणजे व्यक्तीचा आरोग्य ओळख क्रमांक, या अडचणीवर काही अंशी उतारा ठरतो. हा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे आणि त्यावरून दुसऱ्या संस्थेतील नोंदी पाहण्यासाठी रुग्णाची संमती लागते. तो नसेल तर उपचार नाकारता येत नाहीत, हे स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याला आवर्जून सांगावे लागते.

मोजमापे. वजन, तापमान, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजनची पातळी यांची नोंद बहुधा सिस्टरांकडे असते. येथे शिकण्याची गोष्ट थोडी, पण महत्त्वाची आहे: आकडा घेतल्याबरोबर नोंदवावा, हातावर किंवा चिठ्ठीवर लिहून नंतर ‘चढवू’ नये. दहा रुग्णांचे आकडे एकदम चढवताना ओळ सरकते. साडेदहा किलोच्या मुलाचे वजन दशांशचिन्ह सुटून १०५ झाले, तर वजनावरून काढलेली औषधाची मात्रा दहापट होते. चांगली प्रणाली अशा आकड्याला हरकत घेते, परंतु ती हरकत न वाचता पुढे जाण्याची सवयही लवकर लागते.

डॉक्टरची नोंद. बहुतेक प्रणालींतील भेटीच्या नोंदीचा सांगाडा अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांनी मांडलेल्या समस्याकेंद्रित नोंदपद्धतीवर बेतलेला आहे. वीड यांचा या विषयावरील प्रसिद्ध लेख १९६८ मध्ये आला. त्यांच्या रचनेत रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळते, त्यावरून वैद्याचा कयास काय आणि पुढे काय करायचे, असे चार भाग वेगळे ठेवले जातात. कागदावर हे चारही एका ओळीत मिसळत. संगणकावर ते वेगळे लिहावे लागतात, आणि अनुभवी डॉक्टरांना हीच गोष्ट प्रथम जाचक वाटते.

पहिल्या भागात रुग्णाचे शब्द शक्य तितके त्याच्याच भाषेत यावेत, असा नियम आहे. तो मराठीत विशेष कसाला लावणारा आहे. ‘चक्कर येते’ असे सांगणाऱ्याला भोवताल गरगरतो असे म्हणायचे असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते असे म्हणायचे असेल, किंवा चालताना तोल जातो असेही म्हणायचे असेल. या तिन्हींची कारणे आणि तपासण्या निरनिराळ्या आहेत. यादीतून पहिला दिसेल तो इंग्रजी शब्द निवडला, की हा फरक कायमचा पुसला जातो. ‘अंगात कणकण’, ‘हातापायाला मुंग्या’, ‘उसण भरली’, ‘पित्त झालंय’ यांचेही तसेच आहे. ‘पित्त’ या एका शब्दात आंबट ढेकरांपासून अर्धशिशीपर्यंत बरेच काही मावते. त्यामुळे रुग्णाचे वाक्य मोकळ्या चौकटीत देवनागरीत लिहावे आणि विचारपूस झाल्यावरच ठरीव संज्ञा निवडावी, हा क्रम शिकाऊ व्यक्तीला लावणे इष्ट. कानडी रुग्णाच्या बाबतीत दुभाषाचे काम कोणी केले, हेही लिहिलेले बरे.

ठरीव संज्ञांसाठी भारत सरकारच्या २०१३ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या संगणकीय आरोग्यनोंद मानकांत ‘स्नोमेड सीटी’ ही शब्दावली सुचवलेली आहे. भारत २०१४ पासून तिचा सदस्य देश असल्याने ती देशात विनाशुल्क वापरता येते, आणि तिच्या वितरणाचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातील सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. छोट्या दवाखान्यातील डॉक्टरला या संज्ञांचे संकेतांक पाठ असण्याची गरज नाही; निदान मोकळ्या मजकुरात टंकले तर पुढे ‘माझे मधुमेहाचे रुग्ण किती’ हा प्रश्न संगणकाला विचारता येत नाही, एवढे उमगले तरी पुरे.

साचे आणि मागील नोंद उतरवून घेण्याची सोय यांबाबत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. एका कळीने ‘छाती, पोट, हृदय : सर्व ठीक’ असा परिच्छेद उमटतो. वेळ वाचतो हे खरे, पण न केलेली तपासणी केल्याची नोंद होते, आणि ती कागदावरील कोऱ्या जागेपेक्षा अधिक घातक असते. कोरी जागा निदान खोटे बोलत नाही. ज्या गोष्टी तपासल्या तेवढ्याच निवडून भरता येतील असा छोटा साचा दवाखान्याने स्वतः तयार करणे हा यावरील व्यवहार्य मार्ग आहे.

औषधांच्या यादीतील घसरण वेगळ्या प्रकारची आहे. पहिली तीन अक्षरे टंकली की मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल शेजारी येतात. एक मधुमेहाचे, दुसरे जंतुसंसर्गाचे. या अदलाबदलीची उदाहरणे वैद्यकीय सुरक्षेच्या साहित्यात नोंदलेली आहेत. किमान पाच अक्षरे टंकणे आणि छापील चिठ्ठी रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी मोठ्याने वाचणे, ही त्यावरची साधी शिस्त होय. ‘उपाशीपोटी’, ‘जेवणानंतर’ या सूचना मराठीत छापण्याची सोय असल्यास ती पहिल्याच दिवशी चालू करून घ्यावी.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाच्या, म्हणजे दाखल केलेल्या रुग्णाच्या, नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात, आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. संगणकीय नोंदीत यापुढचे एक बंधन आपोआप येते. काय लिहिले, कोणी बदलले आणि केव्हा, याचा माग प्रणाली ठेवते. चुकीची नोंद खोडली जात नाही, तिला दुरुस्ती जोडली जाते. सर्वांनी डॉक्टरच्याच लॉगिनवर काम करण्याची छोट्या दवाखान्यांतील सोयीस्कर रीत या व्यवस्थेचा पायाच काढून घेते, कारण कंपाउंडरने केलेली चूकही मग डॉक्टरच्या नावावर पडते.

प्रशिक्षण खोट्या रुग्णांवर, प्रणालीच्या वेगळ्या सराव-प्रतीत व्हावे. ओपनएमआरएस या २००४ पासूनच्या मुक्त रुग्णनोंद प्रणालीवर उभारलेली ‘बाह्मनी’ ही रुग्णालय प्रणाली यासाठी उपयोगी पडते. ती छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयाच्या गरजेतून घडली आहे. दुपारच्या रिकाम्या वेळात तास-दीड तास, प्रत्येकाला स्वतःपुरताच भाग, आणि आठवड्याच्या अखेरीस सर्वांनी मिळून एकाच काल्पनिक रुग्णाला नोंदणीपासून बिलापर्यंत नेणे, असा क्रम फलदायी ठरतो. प्रत्यक्ष वापराच्या पहिल्या पंधरवड्यात नंबर कमी घ्यावेत. पडदा डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही दिसेल असा तिरका ठेवावा, म्हणजे ‘डॉक्टर आमच्याकडे बघतच नाहीत’ ही तक्रार कमी होते.

जुन्या कार्डांचे काय करावे, हा प्रश्न उरतो. सगळी कार्डे टंकून घेण्याचा उत्साह सहसा दुसऱ्या आठवड्यात मावळतो. रुग्ण पुढच्या वेळी येईल तेव्हा ॲलर्जी, जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया आणि चालू गोळ्या एवढेच घ्यावे. उरलेल्या कार्डाचे छायाचित्र जोडावे. रुग्णाने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली फाईल तर नेहमीच वाचावी लागणार आहे.

सांगलीत कागद आणि पाणी यांचे वैर सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मात्र तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेला संगणक कार्डांच्या कपाटाइतकाच भिजतो, म्हणून नोंदींची प्रत रोज दवाखान्याबाहेर जाते का, आणि त्या प्रतीतून नोंदी खरोखर परत मिळतात का, हे अधूनमधून करून पाहणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानावा. वीज किंवा इंटरनेट गेल्यास वापरायचे कोरे छापील केसपेपर स्वागतकक्षाच्या खणात असावेत, आणि वीज आल्यावर त्यांतील मजकूर चढवताना तपासणीची मूळ वेळ व ‘उशिरा केलेली नोंद’ हा शेरा दोन्ही लिहावेत.