शेकाला खाडा नको

(आमच्याकडे खोली घेणारे पेशंट आणि त्यांच्या सोबतच्या माणसांसाठी)

गोंदिया, गडचिरोली, बालाघाटकडून माणसं नागपूरला मानेवाडा रोडच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजात) किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात येतात. आमच्या काउंटरवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दोन-तीन दिवसांत होऊन जाईल ना?"

नाही होत. रेडिओथेरपी, म्हणजे आपण ज्याला शेक किंवा लाईट म्हणतो ती, बहुतेक वेळा सोमवार ते शुक्रवार रोज असते. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरला साधारण ३० ते ३५ वेळा, म्हणजे सहा-सात आठवडे. स्तनाच्या कॅन्सरला हल्ली बऱ्याचदा १५ वेळा. हाडाच्या दुखण्यासाठी कधी एकाच वेळी काम भागतं. तुमचा आकडा डॉक्टरांकडून कागदावर घ्या, मग आमच्याशी भाड्याचं बोला.

पहिल्याच दिवशी शेक सुरू होत नाही. आधी सीटी स्कॅन आणि आखणी होते, त्यात काही दिवस जातात. तोंडा-मानेचा शेक असेल तर गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ओढून बसवतात. ती थोड्या वेळात कडक होते. श्वास जाळीतून नीट येतो, पण जीव घाबरत असेल तर टेक्निशियनला आधीच सांगा. इतर ठिकाणी अंगावर शाईच्या खुणा करतात. आमच्याकडच्या एका काकूंनी लग्नाला जायचं म्हणून त्या दगडाने घासून काढल्या. सगळं माप पुन्हा घ्यावं लागलं. मे महिन्यात घामानेही खुणा फिक्या होतात. तशा दिसल्या तर तिथेच सांगा, घरी पेनाने गिरवू नका.

नाव शेक असलं तरी चटका बसत नाही, दुखतही नाही. खोलीत पेशंट एकटाच असतो, पण बाहेरून कॅमेऱ्यात दिसतो आणि बोलताही येतं. मशीन बंद झालं की अंगात किरण राहत नाहीत. हे मुद्दाम लिहितोय, कारण पेशंटचं ताट वेगळं ठेवलेलं आम्ही पाहिलंय. तसं काही करू नका, नातवाला खुशाल मांडीवर घ्या. (थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन पाजतात, त्याचे नियम वेगळे.) केसही जिथे शेक आहे तिथलेच जातात.

आता मुख्य गोष्ट. धानाच्या रोवणीसाठी, पोळ्यासाठी "दोन दिवस जाऊन येतो" म्हणणारे दरवर्षी असतात. शेकाने मार बसलेल्या पेशींपैकी चांगल्या पेशी मधल्या वेळात सावरतात, म्हणून तो रोज थोडा थोडा देतात. मोठा खंड पडला की कॅन्सरच्या पेशींनाही वाढायला सवड मिळते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरचा (मशीनचा) आणि आतला (आत नळी ठेवून दिलेला) असे दोन्ही शेक आठ आठवड्यांच्या आत संपवायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. मशीन बंद पडलं तर बुडालेला दिवस कसा भरून काढणार, हे विचारायला लाजू नका.

पोटाच्या खालच्या भागाच्या शेकाला बऱ्याचदा लघवीची पिशवी भरलेली लागते. पाणी खोलीवरून पिऊन निघू नका, तिथे सांगतील तेव्हा प्या. वर्धा रोडला ऑटो अडकला की पंचाईत होते.

त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतो. थकवा येतो, कातडी काळवंडते, तोंड सोलवटतं. शेकाच्या जागी हळद, तेल, बाम, गरम पिशवी यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता लावू नका. सैल सुती कपडे घाला. तोंडाचा शेक असेल तर सावजी रस्सा बंद, आणि भेटायला येणारे आणतात ती संत्रीही बंद, आंबटाने आग होते. पातळ खिचडी, दूध, अंडं चालतं. वजन उतरलं की जाळी सैल होते, म्हणून खाणं हेही उपचारातच धरा. खर्रा (तंबाखू-सुपारी) तर आमच्या आवारातसुद्धा चालणार नाही, सोबत्यांनाही. शंभराच्या वर ताप गेला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटलात जा. रात्री ऑटो आम्ही बोलावून देतो.

पैशाचं: शेक सुरू होण्याआधीच महात्मा फुले योजनेच्या (सरकारच्या मोफत उपचार योजनेच्या) हॉस्पिटलात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवा. रेल्वेने येत असाल तर हॉस्पिटलातून सवलतीचा फॉर्म भरून घ्या. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते.

शेवटच्या शेकानंतरही तोंडाची आग आणखी काही आठवडे राहू शकते, तेव्हा कुल्ले आणि मलम गावीही चालू ठेवा. तोंडाला शेक झालेला असेल आणि पुढे कधी दात काढायची वेळ आली, अगदी पाच वर्षांनी का होईना, तर दाताच्या डॉक्टरला शेकाची फाईल आधी दाखवा.