रंग कॅमेऱ्यात नव्हताच

१९३९ सालच्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या हॉलिवूडच्या सिनेमातला दार उघडण्याचा प्रसंग पाहिलेला माणूस तो विसरत नाही. वादळात उडालेलं घर जमिनीवर आदळतं. तपकिरी अंधारातून डोरोथी दारापाशी येते, दार उघडते आणि बाहेर रंगच रंग! वाटतं, इथे साधी फीत संपून रंगीत फीत जोडली असेल. तसं नाही. हा शॉट सगळाच रंगीत चित्रित केलेला आहे. घराची आतली बाजू तपकिरी छटांनी रंगवली होती. दार उघडते ती डोरोथी झालेल्या जुडी गार्लंडच्या जागी उभी केलेली दुसरी मुलगी, तपकिरी फ्रॉकमधली, पाठमोरी. ती बाजूला होते आणि निळा फ्रॉक घातलेली खरी जुडी पुढे येते.

मला मात्र त्याहून मोठी जादू वेगळीच वाटते. कॅमेऱ्यातल्या फितीवर यातला एकही रंग नव्हता. ती फीत कृष्णधवल होती आणि एक नव्हे, तीन होत्या.

ही पद्धत टेक्निकलर कंपनीची. कंपनी १९१५ सालची. हर्बर्ट काल्मस आणि डॅनियल कॉमस्टॉक हे तिचे दोन संस्थापक एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले, म्हणून नावात ‘टेक’. सुरुवातीची त्यांची पद्धत लाल आणि हिरवा या दोनच रंगांवर चाले. त्यात चेहरे बरे दिसत, पण आकाशाला खरा निळा मिळत नसे. शिवाय दोन पातळ फिती पाठीला पाठ चिकटवलेल्या असत. प्रोजेक्टरच्या उष्णतेने त्या वाकत आणि चित्र धूसर होई.

१९३२ मध्ये तीन फितींचा कॅमेरा तयार झाला. भिंगामागे काचेचा लोलक, त्यात अर्धपारदर्शक आरसा. थोडा प्रकाश सरळ जाऊन हिरव्या फिल्टरमधून एका फितीवर पडे. उरलेला बाजूला वळून एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फितींवर जाई. पुढची फीत निळ्याची नोंद घेई, मागची लालची. इतक्या वाटण्या झाल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला प्रकाश उरणार किती? म्हणून सेटवर प्रचंड दिवे लागत. ‘ऑझ’च्या सेटवर तापमान ३८ अंशांच्या वर जाई, आणि त्यात सिंहाचं जाडजूड सोंग घालून नट उभा!

मग रंग यायचा कुठून? छपाईतून. प्रत्येक नोंदीवरून जिलेटिनचा ठसा काढत. चित्राच्या गडद भागात जिलेटिन जाड राही, उजळ भागात ते गरम पाण्याने धुऊन जाई. जितकं जिलेटिन जाड, तितका रंग ते जास्त पिई. लालच्या ठशाला हिरवट निळा रंग पाजत, हिरव्याच्या ठशाला राणी रंग आणि निळ्याच्या ठशाला पिवळा. हे उलटं वाटतं, पण हिशोब सरळ आहे. दृश्यात जिथे लाल नाही, तिथे पडद्यावरही लाल पोचायला नको. हिरवट निळा रंग लाल प्रकाश गिळतो, म्हणून तिथे तोच घालायचा. असे तीन ठसे एकामागून एक कोऱ्या फितीवर दाबले की चित्र पूर्ण. वाड्यातल्या भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरात देवीच्या ओठांचा लाल रंग ओठांशेजारी सरकलेला आपण पाहिला आहे. इथे फितीवरच्या बोटभर चित्रात तसं केसभरही होऊन चालत नसे.

रंगीत सिनेमाची खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होती. प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी वेगळ्या पद्धतीने जर्मनीत प्रती काढून आणल्या, तरी रंग मनासारखे उतरले नाहीत.

१९५० मध्ये ईस्टमनकलर आला. एकाच फितीत तिन्ही रंगांचे थर, साधा कॅमेरा, खर्च कमी. पाचेक वर्षांत हॉलिवूडने तीन फितींचे अवजड कॅमेरे बाजूला ठेवले. पण त्या काळच्या नव्या फितींतले रंग टिकाऊ नव्हते. हिरवट निळा आधी उडे आणि सगळा सिनेमा गुलाबी पडे. टेक्निकलरच्या मूळ फितींत उडायला रंगच नव्हता, होती ती चांदीची काळी-करडी नोंद.

त्या फिती आज आक्रसल्या आहेत, तिन्ही सारख्या नाहीत. म्हणून जुना सिनेमा पुन्हा उभा करताना तिन्ही वेगवेगळ्या स्कॅन करतात आणि संगणकावर एकमेकींवर नेमक्या बसवतात. त्या नीट बसल्या की डोरोथीच्या बुटांच्या कडेची रंगीत झालर नाहीशी होते आणि बूट पुन्हा माणकासारखे लाल दिसतात.