पीडीएफचं इंजिन बदलता येतं, त्यामागचा इतिहास

पॅनडॉक हा एका स्वरूपातली फाइल दुसऱ्या स्वरूपात नेणारा प्रोग्राम. त्याला मार्कडाउनची, म्हणजे साध्या खुणा घालून लिहिलेल्या मजकुराची फाइल देऊन पीडीएफ मागितली, तर ती तो स्वतः बनवत नाही. मजकूर आधी सहसा लेटेक या पान जुळवण्याच्या भाषेत उतरवतो आणि पुढचं काम दुसऱ्या प्रोग्रामवर सोपवतो. ओळ कुठे तोडायची, पान कुठे संपवायचं, तळटिपेला किती जागा द्यायची, हे तिथे ठरतं. या प्रोग्रामलाच इंजिन म्हणतात.

जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी 2006 मध्ये पॅनडॉक लिहायला घेतलं, तेव्हा लेटेकची निवड साहजिक होती. त्याच्या मुळाशी असलेला टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नुथ यांनी आपल्याच पुस्तकाची प्रुफं पाहून अस्वस्थ झाल्यावर 1977 मध्ये हाती घेतला. एकेक ओळ सुटी न पाहता ते अख्खा परिच्छेद तोलून ओळी तोडतं. त्या देखणेपणाची सर आजही फार थोड्या प्रोग्रामना आहे.

पण टेक पीडीएफच्याही आधीचं आणि सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्याही. पीडीएफ 1993 मध्ये आली. थेट पीडीएफ देणारं पीडीएफटेक हान थे थान्ह यांनी नव्वदच्या दशकात बनवलं. त्याच्या एका फॉन्टमध्ये मात्र 256च चिन्हं मावतात. देवनागरीचं घोडं इथेच अडतं. ‘पार्श्वभूमी’ हाच शब्द घ्या. टाइप करताना ‘र्’ हा ‘श्व’च्या आधी येतो, पण रफार म्हणून उमटतो त्या जोडाक्षराच्या डोक्यावर. ही जागांची अदलाबदल इंजिनाला समजावी लागते. पीडीएफलेटेकला, म्हणजे पीडीएफटेकवर चालणाऱ्या लेटेकला, असा शब्द सरळ दिला, तर पहिल्या ‘प’लाच ‘हे अक्षर माझ्याकडे नोंदलेलं नाही’ अशा अर्थाची चूक दाखवून ते थांबतं. त्यामुळे पूर्वी देवनागरी मजकूर रोमन अक्षरांत लिहून आधी वेगळ्या प्रोग्राममधून काढावा लागे.

जोनाथन क्यू यांचं झीटेक 2004 मध्ये आलं आणि युनिकोड मजकूर, संगणकावरचे नेहमीचे फॉन्ट, जोडाक्षरं हे सगळं एकदम जमू लागलं. पुढे लुआटेक आलं. पॅनडॉकमध्ये ‘लेटेक-इंजिन’ हा पर्याय या तिघांमधून निवड करण्यासाठी होता. आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांसाठी ही निवड म्हणजे चैन नव्हती. तिच्याविना पानच छापलं जात नव्हतं.

पण सगळ्यांनाच लेटेक नको असतं. टेक लाइव्ह हा लेटेकचा पूर्ण संच बसवायला काही जीबी जागा लागते, आणि ज्यांना सीएसएस ही वेबपानांचं रूप ठरवणारी भाषा येते त्यांना समास बदलण्यापुरती नवी भाषा शिकायची नसते. एचटीएमएलवरून, म्हणजे वेबपानाच्या भाषेवरून पीडीएफ करणारे प्रिन्स, वीझीप्रिंट, डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ असे प्रोग्राम होतेच. 2017 च्या 2.0 आवृत्तीत पर्यायाचं नाव ‘पीडीएफ-इंजिन’ झालं. माझ्या मते खरं वळण हेच. पीडीएफ म्हणजे लेटेकच, हे गृहीतक नावातूनही सुटलं. या मोकळिकीची गरज पुढे दिसलीही: डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफची देखभाल 2023 पर्यंत थांबली होती, पण त्यावर विसंबलेल्यांना दुसरं इंजिन जोडता येत होतं.

नवं इंजिन लेटेकच वाचत असेल, तर काम थोडं असतं. टेक्टॉनिकचं तसंच झालं. एचटीएमएलच्या वाटेवर वेगळी अडचण येते. वीझीप्रिंट वेबपानातली जावास्क्रिप्ट चालवत नाही, म्हणून मॅथजॅक्स या सूत्रं दाखवणाऱ्या जावास्क्रिप्टवर सोडलेली सूत्रं पानावर उमटत नाहीत.

सगळ्यात जास्त मेहनत लागते ती इंजिनाची भाषाच वेगळी असते तेव्हा. रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं टाइप्स्ट 2023 मध्ये खुलं झालं. ते झपाट्याने पान जुळवतं, शिवाय बसवायलाही छोटं. त्याला पॅनडॉकमध्ये घेताना मात्र यादीत एक नाव वाढवून भागलं नाही. तक्ते, तळटिपा, संदर्भ त्या भाषेत उतरवणारा स्वतंत्र भाग लिहावा लागला. सूत्रंसुद्धा बदलावी लागली, कारण लेटेकमध्ये जो अपूर्णांक महिरपी कंसांच्या दोन जोड्यांत लिहितात, त्याला टाइप्स्टमध्ये एक तिरपी रेघ पुरते.